पहिला वेब सर्व्हर लिहिताना अक्षरं नको, बाइट मोजा

पहिला वेब सर्व्हर लिहायला घेताय? मग जँगो, फ्लास्क ही तयार वेब फ्रेमवर्क थोडे दिवस बाजूला ठेवा आणि पायथनच्या सॉकेट (नेटवर्कवरून थेट बाइट घेणाऱ्या-पाठवणाऱ्या) मॉड्यूलनेच सुरुवात करा. पोर्ट ८०८० (विनंत्या आत येण्याचा क्रमांकाचा दरवाजा) उघडा आणि ब्राउझरकडून जे येईल ते जसंच्या तसं टर्मिनलवर छापा. पहिल्याच ओळीत ‘गेट’ (पान मागायची आज्ञा), मार्ग आणि एचटीटीपीची आवृत्ती दिसेल. बहुतेक वेळा पाठोपाठ फेव्हिकॉनसाठीही (टॅबवरचं छोटं चित्र) एक विनंती येते. ती ब्राउझर स्वतःहून पाठवतो, गोंधळू नका.

उत्तराचा क्रम ठरलेला: स्टेटसची ओळ, हेडर (उत्तराची माहिती देणाऱ्या ओळी), एक रिकामी ओळ, मग मजकूर. ती रिकामी ओळ राहिली की सगळं बिघडतं.

खरी मेख ‘कंटेंट-लेंग्थ’ या मजकुराची लांबी सांगणाऱ्या हेडरमध्ये आहे. तिथे बाइटची संख्या द्यायची असते, अक्षरांची नाही. साध्या इंग्रजी मजकुरात दोन्ही आकडे सारखेच येतात, म्हणून चूक लपून राहते. ‘नमस्कार’ पाठवून बघा. पायथनचं लांबी मोजणारं ‘लेन’ ७ सांगतं (हलन्त आणि काना वेगळे धरून), पण यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) मध्ये ते २१ बाइट होतात, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ७ लिहिलंत तर ‘नम’ आणि पुढे एक तुटकं चिन्ह एवढंच उमटेल. तेव्हा मजकूर आधी एन्कोड करा, म्हणजे बाइटमध्ये बदला, मग लांबी मोजा. कंटेंट-टाइप (मजकुराचा प्रकार सांगणारा हेडर) मध्ये कॅरसेट, म्हणजे अक्षरांची पद्धत, यूटीएफ-८ लिहायचंच. पहिली चाचणी मराठी मजकुरावरच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

आणि हो, सर्व्हर १२७.०.०.१ वरच, म्हणजे फक्त तुमच्याच संगणकाला दिसणाऱ्या पत्त्यावर, चालवा. शिकत असताना तो वायफायवरच्या इतरांना दिसायची गरज नाही.