बॅटरी चार्ज होत नाही? नवी घेण्याआधी चार दिवस सकाळी मोजून पाहा

सोयाबीनची मळणी आटोपली, कुटार कोठ्यामागे रचून झालं, पराटीची पहिली वेचणी सुरू आहे आणि तूर फुलावर आली आहे. हरभरा उगवून आला की रोही आणि रानडुकरं वावरात उतरणारच. म्हणजे आता रात्रीची जागल, कुंपणाच्या तारेत हलका झटका सोडणारी झटका मशीन, खोपडीतला दिवा, आणि घरी साडेपाच-सहालाच पडणारा अंधार. नेमक्या याच दिवसांत सोलर पॅनलवर बॅटरी भरणाऱ्या घरांतून गावोगावी एक तक्रार ऐकू येते, "दिवसभर ऊन कडक राहते जी, तरी रात्री नऊ वाजले की इन्व्हर्टर ओरडून बंद पडते."

मग कोणीतरी सांगतं, बॅटरी गेली. १५० ॲम्पियर-अवरची नवी ट्युब्युलर बॅटरी म्हणजे जवळपास दोन क्विंटल कापसाचे पैसे. ते मोजण्याआधी माझं ऐका. मी पाहिलेल्या बॅटऱ्यांमध्ये मेलेल्या थोड्या होत्या, उपाशी जास्त होत्या. उपाशी बॅटरीच्या जागी नवी ठेवली तर तीही वर्षभरात तशीच होते, कारण घरातला हिशेब बदललेला नसतो.

सकाळचं माप

तालुक्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांत साधा मल्टिमीटर मिळतो. तो घ्या, घरात असावाच. रात्री झोपताना सगळे दिवे आणि इन्व्हर्टर बंद करा. सकाळी पॅनलवर ऊन पडण्याआधी मीटर डीसी २० वर लावून १२ व्होल्टच्या बॅटरीच्या दोन टोकांवर धरा. १२.६ ते १२.८ आलं तर बॅटरी भरलेली. १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी. ११.९ किंवा खाली असेल तर रिकामी, आणि रोज तिथपर्यंत जात असेल तर तिचं आयुष्य झपाट्याने संपतं आहे.

दुपारी मोजून फसू नका. पॅनल चालू असताना मीटर १३.५, १४ दाखवतो. तो आकडा चार्जरच्या दाबाचा असतो, बॅटरीत किती भरलं ते त्यातून कळत नाही. कंट्रोलर म्हणजे पॅनल आणि बॅटरीच्या मधे बसवलेला चार्जिंगचा डबा, त्याच्यावरच्या हिरव्या लाइटचंही तसंच. पॅनल जोडलेलं आहे एवढंच ती सांगते.

आता हिशेब मांडू. १०० वॅटचं पॅनल भर उन्हात साधारण साडेपाच ॲम्पियर देतं. आपल्याकडे निरभ्र दिवशी सकाळ-संध्याकाळचं कमी ऊन धरूनही पाचेक तासांच्या पूर्ण उन्हाएवढी कमाई होते. ॲम्पियरला तासांनी गुणलं की ॲम्पियर-अवर, म्हणजे दिवसाला २७-२८ ॲम्पियर-अवर. खर्च पाहा: ९ वॅटचे चार बल्ब पाच तास म्हणजे १८० वॅट-अवर, ६० वॅटचा टीव्ही चार तास म्हणजे २४०, मोबाइल आणि टॉर्च धरून आणखी ४०. एकूण ४६०. बॅटरीच्या १२ व्होल्टने भागलं की ३८ ॲम्पियर-अवर आणि इन्व्हर्टरचा वाटा धरला की ४५ च्या घरात. रोज १५ ते २० ॲम्पियर-अवरची उधारी झाली. उधारीवर चाललेली बॅटरी दीडशेची असो की दोनशेची, आठ-दहा दिवसांत तळाला जाते.

या हिशेबात एक चोर नेहमी सुटतो. काहीही न जोडता नुसता चालू ठेवलेला इन्व्हर्टर स्वतःच एक ॲम्पियरच्या आसपास खात राहतो. चोवीस तास चालू असेल तर २४ ॲम्पियर-अवर गेले. म्हणजे १०० वॅटच्या पॅनलची जवळजवळ सगळी कमाई एकही दिवा न लावता संपली. दिवसा घरचे सगळे वेचणीला वावरात असतात, तेव्हा इन्व्हर्टर बटणाने बंद करूनच निघा. एवढ्या एका सवयीने काही घरांची तक्रार मिटते.

खात्री करायची तर चार दिवस बॅटरीवर काहीही चालवू नका. दिवा नको, मोबाइलही नको. अर्ध्या रिकाम्या १५० च्या बॅटरीत ७५ भरायचे असतात, भरताना थोडे वायाही जातात, आणि शेवटचा टप्पा फार सावकाश भरतो. १०० वॅटच्या पॅनलला एवढा वेळ लागणारच. चारही सकाळी आकडा वहीत लिहा. तो रोज थोडाथोडा चढत असेल तर बॅटरी जिवंत आहे. तुम्हाला पॅनल वाढवायचं आहे, नाही तर भार कमी करायचा आहे.

आकडा हललाच नाही, तर पॅनलपासून खाली उतरत या.

पॅनल, सावली, वायर

मळणीयंत्र घराजवळ लावलं असेल तर आधी पॅनलवर हात फिरवा. सोयाबीनच्या कुटाराची बारीक धूळ दवात भिजून काचेला लेपासारखी चिकटते आणि खालून दिसतही नाही. काच थंड असताना, सकाळी, साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने धुवा. बोअरचं पाणी जड असेल तर पुसून कोरडं करा, नाहीतर पांढरे डाग राहतात. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारू नका.

सावलीची गोष्ट बारकाईने समजून घ्या, कारण ती ऋतूबरोबर बदलते. मे-जूनमध्ये सूर्य आपल्या डोक्यावर असतो, तेव्हा अंगणातल्या कडुनिंबाचा पॅनलला काही त्रास नसतो. डिसेंबरात नागपूरकडे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५ अंशांवर, दक्षिणेकडे असतो. झाड जेवढं उंच, जवळपास तेवढीच लांब त्याची सावली दुपारी बारालाही उत्तरेला पडते. उन्हाळ्यात बसवलेलं पॅनल हिवाळ्यात 'बिघडतं' ते असं. सावली पॅनलच्या कोपऱ्यावर पडली तरी नुकसान कोपऱ्यापुरतं राहत नाही. ३६ सेलच्या पॅनलमध्ये साधारणपणे दोन अर्धे वेगळे बांधलेले असतात. एका अर्ध्यावर दाट सावली आली की १७-१८ व्होल्टचं पॅनल नऊवर येतं, आणि नऊ व्होल्ट १२ च्या बॅटरीत काहीच ढकलू शकत नाहीत. मीटरशिवाय पाहायचं असेल तर सकाळी दहा, दुपारी एक आणि तीन वाजता स्वतः टिनावर चढून पाहा. फांदी छाटा किंवा पॅनल सरकवा. हिवाळ्यापुरता त्याचा उतार वाढवून ३५ अंशांपर्यंत दक्षिणेला केला तर कमाईही वाढते.

धुवारीची, म्हणजे धुक्याची सकाळ असेल तर त्या दिवशी नऊ-दहापर्यंत काही मिळणार नाही. तो दोष धरू नका.

मग वायर. पॅनल कोठ्याच्या छपरावर, बॅटरी माजघरात, मधे १५ मीटर अंतर, आणि घरात उरलेली अडीच एमएमची वायर ओढलेली. जाऊन-येऊन ३० मीटर. दहा ॲम्पियर वाहू लागले की या वायरीतच दोनेक व्होल्ट जिरतात. १०० वॅटच्या एका पॅनलला ती एकवेळ चालून जाईल, पण दुसरं पॅनल जोडलं की निदान सहा एमएमची तांब्याची वायर लागते. जोडणीच्या ठिकाणी नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेली असेल तर पावसाळ्यात तिथे हिरवा गंज धरलेला असतो. धान्याच्या खोलीतून वायर गेली असेल तर उंदरांनी कुरतडलेली जागाही शोधा.

स्वस्त मिळालं म्हणून ३३० वॅटचं मोठं पॅनल आणि १२ व्होल्टची बॅटरी साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरवर जोडलेली मी अनेक घरांत पाहिली आहेत. ते पॅनल ३७ व्होल्टच्या आसपास काम करतं, पण हा कंट्रोलर त्याला खेचून बॅटरीच्या पातळीवर आणतो आणि ३३० मधले सव्वाशेही वॅट पदरात पडत नाहीत. अशा पॅनलला जास्तीचे व्होल्ट वाया न घालवता चार्जिंगला लावणारा एमपीपीटी कंट्रोलरच हवा. तिथे पैसे वाचवू नका.

बॅटरी पार खाली, आठ-नऊ व्होल्टवर गेली असेल तर बऱ्याच कंट्रोलरना जागं व्हायलाही वीज मिळत नाही, कारण ते बॅटरीवरच चालतात. वर कडक ऊन आणि खाली शून्य चार्जिंग. अशा वेळी बॅटरी चार्जिंगच्या दुकानात एक दिवस ठेवून आणा. परत जोडताना आधी बॅटरी, नंतर पॅनल. काढताना उलट, आधी पॅनल. हा क्रम चुकल्याने कंट्रोलर जळतात.

सौर कृषिपंपाच्या पॅनलवरून घरची बॅटरी भरायचा मोह होतो, तो टाळा. तिथे कित्येक पॅनल ओळीने जोडलेले असतात आणि शेकडो व्होल्टची डीसी वीज असते. तिचा धक्का आणि तिची ठिणगी दोन्ही जीव घेणारे आहेत.

दोन बॅटऱ्या आणि एक झटका मशीन

आमच्या शिवारातल्या एका काकाजींकडे १२ च्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडून २४ व्होल्टचा इन्व्हर्टर होता. रानडुकरांनी भुईमूग उकरला म्हणून त्यांनी झटका मशीन आणली. ती १२ व्होल्टची. सोपं म्हणून दोनपैकी एकाच बॅटरीवरून तार नेली. दोन महिन्यांत इन्व्हर्टर तासाभरात बंद पडू लागला. कंट्रोलर मात्र सकाळी अकरालाच 'फुल' दाखवायचा.

दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या तेव्हा उलगडा झाला. चार्जिंग चालू असताना एक १५.६ वर होती, दुसरी १३.२ वर. बेरीज २८.८. कंट्रोलर फक्त बेरीज पाहतो. २८.८ झाले की काम झालं समजून तो हात आखडता घेतो. झटका मशीनची बॅटरी रोज उपाशीच राहत होती, आणि दुसरी रोज जास्त भरून पाणी उकळून टाकत होती. एक उपासाने आणि एक अजीर्णाने, अशा दोन्ही मरायला टेकल्या होत्या. मशीनला तिची वेगळी छोटी बॅटरी आणि छोटं पॅनल दिलं, मागे पडलेली बॅटरी वेगळ्या चार्जरवर भरून आणली, आणि बॅटऱ्यांची जोडी पुन्हा उभी राहिली. २४ व्होल्टची जोडणी असेल तर एकट्या बॅटरीवरून काहीही घेऊ नका, साधा बल्बही नाही. जुन्या बॅटरीला नवी जोड देणंही असंच दोघींना बुडवतं.

कुंपणात घरची लाइन सोडण्याचा विचार कोणाच्या मनात आला तर त्याला तिथेच थांबवा. त्याने माणसं मेली आहेत, आणि तो गुन्हा आहे.

राहिलं पाणी. आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ते भराभर उडतं, आणि पावसाळ्यात कोणी झाकण उघडून पाहत नाही. आता पाहा. फक्त डिस्टिल्ड वॉटर. विहिरीचं नको, आरओचं नको, ॲसिड तर मुळीच नको. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच पाणी घालून आधी चार्ज करा, उरलेलं नंतर खुणेपर्यंत. टोकांवरचा पांढरा-हिरवा थर खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवा, झाकणं लावलेली ठेवून, आणि वर व्हॅसलीनचा हात फिरवा. पूर्ण चार्जनंतर हायड्रोमीटरने, म्हणजे बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने, सहाही सेल तपासले तर ट्युब्युलर बॅटरीत १.२४० च्या आसपास यायला हवं. पाच सेल तिथे आणि एकच १.१९० ला अडकलेला असेल, तर तो सेल गेला. तेव्हा मात्र नवी बॅटरी घ्या.

लिथियम बॅटरी असेल तर वरचे सकाळचे आकडे तिला लागू नाहीत. फार खाली गेली की ती स्वतःला आतून तोडते आणि मीटर शून्य दाखवतो. तिच्यासाठी योग्य चार्जर असलेल्या जाणत्या माणसाकडेच न्या.

आणि एक काम आजच करा. वेचलेला कापूस भाव येईपर्यंत ज्या खोलीत भरता, त्या खोलीत बॅटरी ठेवू नका. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, ढिल्या टोकावर ठिणगी पडते, आणि कापसाला तेवढं पुरतं. बॅटरी ओसरीत किंवा सांदवाडीकडच्या हवेशीर कोपऱ्यात, लाकडी फळीवर ठेवा. नट आवळताना पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा, हातातली अंगठी-कडं काढा, आणि बिडी ओढणाऱ्याला तेवढा वेळ अंगणात बसवा.

दुकानात जावंच लागलं तर चार सकाळचे आकडे लिहिलेली वही सोबत न्या आणि आधी तीच पुढे ठेवा.