डाय बदलण्याचा वेळ असा कमी करा
प्रेसवरची (दाब देऊन पत्र्याला आकार देणाऱ्या मशीनवरची) डाय, म्हणजे साचा, बदलण्यात तास जात असेल, तर एकदा त्या कामाचा सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोबाइलवर व्हिडिओ काढा. बघताना प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारा: यासाठी मशीन बंद असायलाच हवं का? पाना शोधणं, पुढची डाय स्टोअरमधून आणणं, बोल्ट निवडणं ही कामं आधीचा जॉब चालू असतानाच उरकता येतात. जपानचे अभियंते शिगेओ शिंगो यांनी मशीन बंद असतानाची कामं आणि चालू असतानाची कामं या विभागणीवरच १० मिनिटांच्या आत सेटअप बदलण्याची पद्धत उभारली. मग बोल्टकडे वळा. पकड येते ती शेवटच्या फेऱ्यात, आधीचे आटे नुसतेच फिरवावे लागतात. तिथे झटपट आवळणारे क्लॅम्प बसतात का ते पाहा. आणि व्हिडिओ ऑपरेटरसोबतच बघा, चुका काढायला मात्र नाही. कुठला पाना कधीच जागेवर सापडत नाही, हे त्यालाच ठाऊक असतं.