गिटच्या इतिहासात ओळ सापडत नाही? या चुका टाळा

कोडमधली एखादी ओळ कुणी बदलली, केव्हा उडवली, हे गिटला (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) विचारलं आणि उत्तर रिकामं आलं, की बरेच जण 'असा बदल झालाच नसावा' असं धरून पुढे जातात. बहुतेक वेळा बदल झालेला असतो, शोधच भलतीकडे घेतलेला असतो.

गिट लॉगला (इतिहास दाखवणारी कमांड) ग्रेप पर्याय दिला, तर तो फक्त कमिट मेसेज, म्हणजे प्रत्येक नोंदवलेल्या बदलासोबत लिहिलेली टीप, धुंडाळतो, कोड नाही. गिट ब्लेमही इथे अपुरं पडतं. आज फाइलमध्ये असलेल्या ओळींना शेवटचा हात कुणाचा लागला, एवढंच ते सांगतं. उडवलेली ओळ त्यात दिसणार कशी?

त्यासाठी गिट लॉगचे कॅपिटल एस आणि कॅपिटल जी हे पर्याय आहेत, आणि सगळ्यात जास्त वेळ या दोघांची गल्लत करण्यातच वाया जातो. एस मोजदाद करतो: तो मजकूर फाइलमध्ये कमिटच्या आधी किती वेळा होता, नंतर किती वेळा आहे. आकडा बदलला तरच कमिट दाखवतो. समजा, 'टाइमआउट = ३०' चं कुणी 'टाइमआउट = ६०' केलं. एसला नुसतं 'टाइमआउट' दिलंत, तर तो शब्द आधीही एकदा होता, नंतरही एकदाच. कमिट गाळलं जातं. जी मात्र डिफमधल्या (आधीच्या आणि नंतरच्या मजकुरातला फरक) वाढलेल्या आणि काढलेल्या ओळीच तपासतो, म्हणून त्याला हा बदल लगेच दिसतो. तेव्हा मजकूर कधी आला, कधी गेला यासाठी एस. त्या ओळीशी कुणी काय केलं यासाठी जी. मात्र जी दिलेला मजकूर रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे शोधाचा नमुना, मानतो आणि त्यात टिंबाचा अर्थ कुठलंही अक्षर, त्यामुळे टिंब शोधायचं तर आधी बॅकस्लॅश हवा. दोन्हींसोबत पी लावा, म्हणजे डिफही समोर येतो.

सर्वांत जुनं कमिट हवं म्हणून रिव्हर्ससोबत १ ची मर्यादा घालू नका. गिट आधी मर्यादा लावतं, मग क्रम उलटवतं. हाती येतं ते सर्वांत नवं.

तरीही काही नाही? लॉग फक्त चालू ब्रांचचा (कोडच्या सध्याच्या शाखेचा) इतिहास पाहतो, सगळ्यांसाठी ऑल द्या. फाइलचं नाव बदललं असेल तर फॉलो, पण तो एका वेळी एकाच फाइलवर चालतो. शॅलो क्लोनमध्ये (फक्त अलीकडचा इतिहास उतरवलेली प्रत) तर सगळा कोड सर्वांत जुन्या कमिटमध्येच जन्मल्यासारखा दिसतो, आणि दोष भलत्याच माणसावर जातो. आधी अनशॅलो पर्याय देऊन फेच करा, म्हणजे उरलेला इतिहास येतो.

सर्वांत चकवणारी जागा म्हणजे मर्ज, दोन ब्रांच एकत्र करणं. दोन्हींतल्या बदलांचा कॉन्फ्लिक्ट सोडवताना ओळ उडाली, तर ती साध्या लॉगमध्ये दिसत नाही, कारण मर्ज कमिटचा डिफ तो मुळात काढतच नाही. तिथे पीसोबत एम पर्याय द्या.