वजनकाटा बाजूला ठेवून व्यायामाचा आठवडा कसा आखावा

चाळिशी ओलांडलेला माणूस व्यायामाला लागतो तो बहुधा रक्ततपासणीचा अहवाल हातात पडल्यावर. साखर काठावर असते, कोलेस्टेरॉल थोडे वर गेलेले असते आणि डॉक्टरांनी ‘वजन कमी करा, रोज चाला’ असे बजावलेले असते. मग महिना-दीड महिना तो नेमाने चालतो, दर रविवारी वजनकाट्यावर उभा राहतो, काटा जेमतेम अर्धा-पाऊण किलो सरकल्याचे पाहतो आणि ‘आपल्याला व्यायाम लागू पडत नाही’ असे ठरवून मोकळा होतो. अर्ध्या तासाच्या चालण्यात साधारण सव्वाशे ते दीडशे कॅलरी खर्च होतात आणि एका वडापावात त्याच्या जवळजवळ दुप्पट असतात, हे लक्षात घेतले तर त्यात नवल काहीच नाही. वजनाचा हिशेब मुख्यतः ताटात ठरतो. व्यायामाचे काम चालते ते स्नायू, रक्तवाहिन्या, हाडे आणि झोप यांवर, आणि यांपैकी एकही गोष्ट वजनकाट्यावर दिसत नाही.

‘मी मुळात बारीक आहे, मला व्यायामाची काय गरज’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण उपयोगी पडेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) अगदी सारखा, म्हणजे २२.३ होता, परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाले. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते आणि याज्ञिक यांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी लिफ्टचे दार मिटण्याआधी आत शिरण्यासाठी घेतलेली धाव, असेही त्यांनी मिश्किलपणे नोंदवले आहे. हा फरक केवळ व्यायामामुळे पडत नाही; आनुवंशिकता आणि आईच्या पोटात असतानाचे पोषण यांचाही त्यात वाटा असतो. तरीही हात-पाय काटकुळे आणि पोट मात्र सुटलेले अशी आपल्याकडे घरोघरी दिसणारी ठेवण किती फसवी असते, हे त्यावरून कळते. अशा शरीरात स्नायू कमी असतात, आणि जेवणानंतर रक्तात उतरणारी साखर सर्वाधिक प्रमाणात साठवून ठेवण्याचे काम स्नायूच करतात.

या कामाची रीत समजून घेतली, तर पुढची सगळी आखणी आपोआप पटते. एरवी स्नायूंच्या पेशींत साखर शिरण्यासाठी इन्शुलिन लागते. पण स्नायू आकुंचन पावत असताना तो इन्शुलिनची वाट न पाहता रक्तातील साखर आत ओढून घेऊ शकतो. शिवाय व्यायाम संपल्यावरही साधारण एक ते दोन दिवस स्नायू इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात आणि नंतर तो परिणाम ओसरतो. म्हणून मधुमेहाच्या रुग्णांना सलग दोन दिवसांपेक्षा अधिक खंड पडू देऊ नका असे सांगतात, आणि रविवारी तीन तास गड चढून उरलेला आठवडा खुर्चीत काढणाऱ्याला साखरेच्या बाबतीत फारसा लाभ होत नाही. रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली ही आपली जुनी सवय याच कारणाने मोलाची आहे. फक्त ती दहा-पंधरा मिनिटे चालली पाहिजे, अंगणातल्या दोन फेऱ्यांनी भागत नाही. रक्तदाब वाढलेल्या व्यक्तीचा वरचा दाब नियमित व्यायामाने साधारण पाच ते आठ अंकांनी उतरू शकतो. झोप सुधारते आणि मनाची मरगळ कमी होते, हा अनुभव बहुतेकांना इतर कोणत्याही फायद्याच्या आधी येतो.

सुरुवात करण्यापूर्वी

ज्यांना हृदयविकार, नियंत्रणात नसलेला रक्तदाब किंवा मधुमेह आहे, ज्यांना जिना चढताना छातीत दुखते किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागते, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. व्यायाम करताना छातीवर दडपण आले, वेदना जबड्याकडे किंवा हाताकडे सरकली, दरदरून घाम सुटला किंवा भोवळ आली, तर ‘गॅसेस असतील’ म्हणून पुढे रेटू नये. जागीच थांबून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात ग्लुकोजची पुडी किंवा साखर ठेवावी आणि हात थरथरणे, एकाएकी घाम फुटणे अशी लक्षणे दिसताच ती खावी. मधुमेह्यांनी अनवाणी चालू नये आणि घरी आल्यावर तळपाय नीट पाहावेत, कारण संवेदना कमी झालेल्या पायाला जोड्याने घासून झालेला फोड जाणवतच नाही. बाकीच्या निरोगी माणसाला संथ चालणे सुरू करायला कोणाच्याही परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.

चालणे किती आणि कसे

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम जोराचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. मध्यम जोर ओळखण्यासाठी घड्याळ किंवा पट्टा विकत घ्यावा लागत नाही. चालताना शेजारच्याशी बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, एवढा वेग मध्यम समजावा. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तो जोरकस झाला. आपल्याकडच्या बागांमध्ये सकाळी घोळक्याने जे चालणे चालते, त्यातले बरेचसे या कसोटीला उतरत नाही, कारण राजकारणावरची चर्चा अखंड चालू राहते.

ज्यांना अर्धा तास सलग जमत नाही, त्यांनी दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करावेत. पूर्वी दहा मिनिटांपेक्षा लहान तुकडा हिशेबात धरत नसत. आता ती अटही उरलेली नाही, त्यामुळे स्टेशनपर्यंतची भरभर चाल आणि कार्यालयाचे तीन मजले हेही जमेस धरता येतात. पहिल्या आठवड्यात रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत; मग दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत महिन्याभरात अर्ध्या तासावर यावे. रोज दहा हजार पावलांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्रामुळे पसरला. त्याहून बऱ्याच कमी पावलांनीही लाभ सुरू होतो, त्यामुळे रात्री अकरा वाजता आकडा पुरा करण्यासाठी बैठकीच्या खोलीत येरझाऱ्या घालण्याची गरज नाही.

ताकदीचा व्यायाम

आपल्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते ते याच भागाकडे, आणि चाळिशीनंतर सर्वाधिक गरजही याचीच असते. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. केवळ चालण्याने ही घट पुरेशी थांबत नाही, कारण चालताना स्नायूंवर त्यांच्या सवयीपलीकडचा भार पडतच नाही. पोहणे आणि सायकल यांनी हृदयाला चांगला व्यायाम मिळतो, पण हाडांवर वजन पडत नसल्याने हाडे बळकट होण्यास त्यांची मदत थोडी. पाळी थांबल्यानंतर हाडांची झीज वेगाने होते, म्हणून स्त्रियांनी ताकदीचा व्यायाम मुळीच वगळू नये. ‘बायकांनी वजने उचलली तर दंड पुरुषी होतात’ ही समजूत निराधार आहे. पाण्याने भरलेली कळशी आणि दळणाचा डबा आजवर त्यांनीच उचलला आहे.

यासाठी जिमचे शुल्क भरलेच पाहिजे असे नाही. मंगळवार आणि शुक्रवार असे मध्ये अंतर असलेले दोन दिवस ठरवावेत आणि प्रत्येक वेळी पंचवीस ते तीस मिनिटे द्यावीत. पहिला व्यायाम बैठकीचा. न सरकणारी, हात नसलेली लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी आणि तिच्या कडेवर बसावे. पावले खांद्यांइतकी दूर आणि गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत, हात छातीवर दुमडावेत, छाती पुढे झुकवून टाचांवर भार देत उठावे आणि तीन आकडे मोजत सावकाश खाली बसावे. धपकन बसणे टाळावे, कारण सावकाश खाली येतानाही मांडीच्या स्नायूंना व्यायाम घडतो. गुडघे आत वळू देऊ नयेत. ते पायाच्या बोटांच्या दिशेनेच राहावेत. उठताना श्वास सोडावा. श्वास रोखून जोर लावला, तर रक्तदाब क्षणार्धात बराच वर जातो, आणि हा नियम प्रत्येक ताकदीच्या व्यायामाला लागू आहे. ज्यांना हातांचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही, त्यांनी खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवावी.

दुसरा व्यायाम जोरांचा. पण तालमीतले जोर पहिल्याच दिवशी काढायला जाऊ नये. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून तळवे भिंतीला टेकवावेत, टाच ते डोके एका रेषेत ठेवून कोपरे वाकवत छाती भिंतीकडे न्यावी आणि परत यावे. हे सोपे वाटू लागले की भिंतीऐवजी ओट्याची कड धरावी, नंतर भक्कम स्टूल, आणि सर्वांत शेवटी जमीन. तिसऱ्या व्यायामासाठी कापडी पिशवीत पाण्याच्या एक-एक लिटरच्या दोन बाटल्या घालाव्यात, एक हात टेबलावर टेकवून पाठ सरळ ठेवत पुढे वाकावे आणि दुसऱ्या हाताने पिशवी बरगडीपर्यंत वर खेचावी. संगणकासमोर बसून पुढे आलेले खांदे मागे न्यायला यासारखा उपाय नाही. याखेरीज सतरंजीवर उताणे पडून, गुडघे वाकवून कंबर उचलणे, आणि दाराची चौकट धरून टाचा वर-खाली करणे, एवढे पुरे.

प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा आणि अशा दोन फेऱ्या, हे प्रमाण सुरुवातीला ठेवावे. बारावी आवृत्ती झाल्यावरही आणखी चार-पाच सहज जमतील असे वाटले, तर भार वाढवण्याची वेळ आली आहे: खुर्ची खालची घ्यावी, पिशवीत आणखी एक बाटली टाकावी. महिनोन्महिने तेवढ्याच भाराने तेवढेच करत राहणाऱ्यांची प्रगती थांबते, हे मी बाकी सर्व सूचनांपेक्षा अधिक आग्रहाने सांगेन. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू ठणकणे स्वाभाविक असते. मात्र सांध्यात टोचल्यासारखी कळ आली किंवा सूज दिसली, तर तो प्रकार थांबवून दाखवून घ्यावे. साठीपुढच्या व्यक्तींनी आठवड्यातून तीनदा तोल सांभाळण्याचा सराव जोडावा; ओट्याजवळ उभे राहून एका पायावर दहा सेकंद थांबणे ही त्याची साधी सुरुवात होय.

स्नायू वाढायचे तर प्रथिनेही लागतात. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण पन्नास ग्रॅम हवीत, आणि एका वाटी घट्ट वरणातून सहा-सात ग्रॅमच मिळतात. पोहे, भात आणि चपाती यांवर भागणाऱ्या दिवसात उसळ, दही, ताक, अंडी किंवा मासे यांची जागा ठरवून करावी लागते. किडनीचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रथिने वाढवावीत.

सूर्यनमस्काराविषयी थोडेसे

औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा प्रसार हिरिरीने केला आणि संस्थानातील शाळांमध्ये ते रुजवले. थोड्या जागेत आणि थोड्या वेळात पाठीचा कणा, खांदे व मांड्या यांना हालचाल देणारा इतका सुटसुटीत प्रकार दुसरा क्वचितच असेल. भरभर घातल्यास दमसासाला आणि सावकाश घातल्यास लवचिकपणाला त्यांचा उपयोग होतो. पण वस्तू ओढण्याची हालचाल त्यात नसल्याने वर सांगितलेला पिशवीचा व्यायाम त्यांच्या जोडीला ठेवावा. पहिल्या आठवड्यात रोज चार पुरेत, मग दोन-दोनने वाढवत बारावर यावे. एरवी काहीही न करता रथसप्तमीला एकशे आठ घालणारी मंडळी दुसऱ्या दिवशी कठडा धरून जिना उतरताना दिसतात. मनगट दुखणाऱ्यांनी, डोळ्यांचा दाब वाढलेल्यांनी आणि चक्कर येणाऱ्यांनी डोके खाली नेणाऱ्या स्थिती टाळाव्यात.

प्रगती कशी मोजावी

महिन्यातून एकदा दोनच नोंदी ठेवाव्यात. पहिली नोंद अशी, की हातांचा आधार न घेता तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उठता येते ते मोजावे. दुसरी नोंद कमरेच्या घेराची: शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप घट्ट न आवळता मोजावे. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेलेला घेर धोक्याचा मानतात. वजन तेवढेच राहून घेर दोन सेंटिमीटरने उतरला आणि उठण्याची संख्या वाढली, तर व्यायाम आपले काम करतो आहे असे खुशाल समजावे.

वेळेबाबत फार चिकित्सा नको. पहाट असो वा संध्याकाळ, जी वेळ टिकते ती योग्य. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात ऊन तापण्यापूर्वीच चालून घ्यावे, आणि पावसाळ्यात रस्ता निसरडा असेल तेव्हा जिन्याच्या फेऱ्या, घरातच जागच्या जागी चालणे किंवा नमस्कार यांवर भागवावे.

आजारपणाने किंवा लग्नसराईने खंड पडला, तर जिथे सोडले तिथूनच सुरू करण्याची घाई करू नये. एक-दोन आठवड्यांच्या खंडानंतर भार आणि मिनिटे निम्म्यावर आणावीत आणि दोन आठवड्यांत पूर्ववत करावीत. ताप असताना व्यायाम करू नये. ताप उतरून, जेवण नीट जाऊ लागल्यावर पहिले दोन-तीन दिवस केवळ संथ चालावे, आणि त्यातही नेहमीपेक्षा जास्त धाप लागत असेल किंवा छाती धडधडत असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय वेग वाढवू नये.