पुण्यात भाड्याचं घर बघताय? आधी चालून बघा

दर जूनमध्ये हिंजवडीत नोकरी लागलेलं कुणीतरी विचारतं, "दादा, फ्लॅट फायनल करतोय, एकदा बघाल का?" बघायला जावं तर टोकन आधीच देऊन झालेलं असतं.

सगळ्यांत वाईट खोड म्हणजे रविवारी सकाळी एजंटच्या गाडीवर मागे बसून घर बघणं. मीही तेच केलं होतं. वाकडला, हायवेलगत वन बीएचके. "स्टॉप पाच मिनिटांवर," एजंट म्हणाला. मॅपही 600 मीटर दाखवत होता. स्टॉप हायवेच्या पलीकडे आहे, हे दोघांनीही सांगितलं नाही. पहिल्याच सोमवारी रात्री साडेनऊला तिथं उतरलो. भुयारी मार्गात घोट्याच्या वर पाणी, दिवा एकच, तोही मिचमिचणारा. पुढे सर्व्हिस रोडच्या फुटपाथवर खडीचा ढीग आणि अंगावर येणाऱ्या राँग साइडच्या बाइक. एका हातात बूट, दुसऱ्यात मोबाइलचा टॉर्च. दारात पोचायला 25 मिनिटं लागली. करार 11 महिन्यांचा. भाड्यात वाचलं ते सगळं रिक्षात गेलं.

आता मी आधी स्टॉपपासून दारापर्यंत चालतो. कामाच्या दिवशी, रात्री साडेनऊनंतर, कानात काही न घालता. उघडी शटरं मोजतो. दहाला भुर्जीची गाडी चालू असलेली गल्ली मला गेटवरच्या कॅमेऱ्यांपेक्षा भरवशाची वाटते. मुलींनी तर एजंटला विचारूच नये. सोसायटीत स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना विचारावं. त्या रोज पायीच जातात, कुठल्या बोळातून जात नाहीत तेही सांगतात.

"मेट्रो येणार आहे" म्हणून जास्त भाडं देऊ नका. कोथरूडकरांचं वेगळं, वनाजहून मेट्रो मार्च 2022 पासून धावते.

नदीचा व्ह्यू आवडला? वॉचमनला विचारा, जुलै 2024 मध्ये पाणी कुठवर आलं होतं. खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रोडला एकतानगरीत लोकांच्या घरांत शिरलं होतं.

टँकरचं बिल कोण भरतं? टोकनआधी विचारा.

आणि "नोटरीवर भागवू" म्हणणाऱ्या मालकाला नमस्कार करून जिना उतरा. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं कराराची नोंदणी सक्तीची आहे, आणि ती करून घेणं मालकाचंच काम आहे.

परवा एकाला हे सगळं सांगितलं. म्हणाला, "रात्री चालायला वेळ कुठंय, दादा?" टोकन दिलं होतं त्यानं. स्टॉप पलीकडेच आहे.