सिपर सोडवताना पाळणाघरात होणाऱ्या चुका

आमच्या पाळणाघरात सध्या एक ते दोन वर्षांची पाच मुलं आहेत आणि पाचही जणांच्या पिशवीत सिपर असतो. पालकांना तो सोयीचा वाटतो, कारण पाणी सांडत नाही. पण ज्या झडपेमुळे पाणी अडतं, तिच्यातून ते ओढायला मुलाला बाटलीसारखंच चोखावं लागतं. भांड्याचा काठ खालच्या ओठावर टेकवून घोट घेणं त्यात शिकायला मिळत नाही. खरं तर सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं की उघड्या भांड्यातून एखाददुसरा घोट देता येतो. आपण सांडण्याच्या भीतीने ते लांबवत राहतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती भांड्यात. मोठा पेला घ्यायचा आणि सांडू नये म्हणून तळाशी दोनच घोट पाणी घालायचं, हे आम्हीही बरेच दिवस करत होतो. ते दोन घोट ओठांपर्यंत यायला मुलाला मान पार मागे टाकावी लागते. मग पाणी एकदम येतं, नाकावर पडतं, ठसका लागतो आणि मूल पेला बघूनच तोंड फिरवतं. त्यापेक्षा भांडंच लहान घ्या. 50-60 मिलीचं, किंचित जड, स्टीलचं, मुलाच्या दोन्ही हातांत नीट बसणारं. आणि ते जवळजवळ काठोकाठ भरा. मान न वाकवता घोट मिळतो, आणि सगळं सांडलं तरी एका फडक्यात पुसून होतं. रुंद तोंडाच्या वाटीतून पाणी दोन्ही गालांवरून ओघळतं, पातळ प्लास्टिकचा कप मुठीत दाबला जातो. ही दोन्ही सुरुवातीला नकोत.

पाण्यापेक्षा थोडं दाट काही दिलं तर सोपं जातं, कारण ते सावकाश वाहतं. नाचणीची आंबील किंवा भाताची पेज, कोमट करून. आमच्याकडे बरीच मुलं आंबिलीवरच शिकली.

दुसरी चूक आपल्या हाताची. घाई असली की आपण भांडं तोंडाला लावतो आणि ओततो. बोंडल्याने दूध पाजायची सवय असलेल्या आज्यांचा हात तर आपोआप तसाच वळतो. भांडं ओठाला टेकवून थांबायचं, ओढायचं काम मुलाचं. एक घोट झाला की भांडं खाली. मूल बसलेलंच हवं. खेळता खेळता, चालता चालता नाही. पाचही जणांना एकदम बसवलंत तर मावशींचा सगळा वेळ पुसण्यात जाईल. खाऊच्या वेळी दोघांपासून सुरुवात करा, बाकीचे बघून शिकतात. सांडलं की ओरडू नका, फडकं मुलाच्याच हातात द्या.

‘सोमवारपासून सिपर बंद’ असं एकदम करू नका. एकदा एप्रिलच्या उन्हात आम्ही ते केलं आणि दोन मुलांचं पाणीच कमी झालं. दुपारपर्यंत लंगोट कोरडा आणि लघवी गडद पिवळी दिसली तेव्हा लक्षात आलं. आधी जेवणाचं पाणी पेल्यात आणा, मग खाऊच्या वेळचं. झोपायच्या आधीचं दूध बहुतेकांचं शेवटी सुटतं. पण दुधाचा सिपर तोंडात ठेवून मुलाला झोपू मात्र देऊ नका. दूध दातांवर साचून राहतं आणि पुढचे वरचे दात किडतात. जोवर सिपर वापरात आहे तोवर झडप रोज काढून घासा, तिच्या खाचेत काळी बुरशी धरते.

एकच भांडं सगळ्यांना फिरवू नका, सर्दी आणि तोंडातले फोड असेच पसरतात. भांड्यांवर नावं घालून घ्या.

अधूनमधून ठसका लागणं चालतं. पण पातळ पदार्थ प्यायल्यावर रोज ठसका, घरघरता आवाज किंवा वारंवार छातीत कफ असेल तर सराव थांबवून मुलाला डॉक्टरांना दाखवायला सांगा.

आणि पालकांशी आधीच बोला. दिवसभर पेला आणि घरी गेल्यावर सिपर असं असेल तर सवय लागायला फार वेळ जातो. आम्ही आता नाव घातलेलं तसंच दुसरं भांडं पालकांना घ्यायला सांगतो, रात्रीच्या जेवणाला.