जुनं घर घेऊन भाड्यानं द्यायचंय? या चुका टाळा

पेठेतलं सहा-आठ खोल्यांचं जुनं घर स्वस्तात घ्यायचं, डागडुजी करायची, भाडेकरू ठेवायचे आणि भाड्यातून बँकेचा हप्ता फेडायचा, हा हिशोब कोल्हापुरात बरेच जण मांडतात. हिशोबात खोट नाही. पण घर बघायला गवंड्याला नेतात आणि वकिलाला नेत नाहीत, तिथं घोळ होतो.

सगळ्यात महाग पडते ती चूक म्हणजे आत राहणाऱ्या जुन्या भाडेकरूला किरकोळ समजणं. ‘एक म्हातारा-म्हातारी आहेत, व्यवहार झाला की जातील,’ असं एजंट सांगतो. जात नाहीत. मालक बदलला म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 मध्ये घर खाली करून घ्यायची कारणं ठरलेली आहेत. जुनं भाडं वर्षाला 4 टक्क्यांनी वाढवता येतं. महिन्याला दोनशे रुपये देणाऱ्याकडून वाढून मिळणार आठ रुपये! त्यामुळे खरेदीपत्राआधीच भाडेकरूशी मूळ मालकाला बोलायला लावा, खोली सोडल्याचं लेखी घ्या आणि ताबा रिकामा मिळेल तेव्हाच उरलेले पैसे द्या. घर आधीच घेऊन बसला असाल, तर काही रक्कम देऊन समजुतीनं मिटवणं बहुतेक वेळा कोर्टापेक्षा स्वस्त पडतं. नळ किंवा लाईट तोडून दबाव आणायचं तर डोक्यातसुद्धा आणू नका. त्याला कायद्यानं बंदी आहे, आणि तक्रार झाली की तुमचीच बाजू लंगडी पडते.

दुसरी चूक कागदाची. विकणारा घरफाळ्याची पावती दाखवतो आणि आपण खूश होतो. पावतीनं मालकी ठरत नाही. सिटी सर्व्हे म्हणजे नगर भूमापन कार्यालयातून प्रॉपर्टी कार्ड (मालमत्ता पत्रक) काढा. त्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर वारस मोजायला बसा. लग्न होऊन सांगली-बेळगावला गेलेल्या आत्याही त्यात आल्या. त्यांची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर टोकनसुद्धा देऊ नका. तीस वर्षांचा सर्च (जुन्या दस्तांची वकिलाकडून तपासणी) आणि पेपरात जाहीर नोटीस, हा खर्च वाचवू नये. रस्ता रुंदीकरणात घर किती जातंय, तेही महापालिकेच्या नगररचना विभागात विचारून घ्या.

मग पाणी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं, 2021 ला पुन्हा पूर आला. शुक्रवार पेठ, शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा या बाजूचं घर असेल तर मालकाला काही विचारू नका, समोरच्या किराणावाल्याला विचारा. भिंतीचा खालचा तीन-चार फूट भागच तेवढा नवा रंगवलेला दिसला, की समजून जा. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीलगतच्या बांधकाम-बंदी पट्ट्याच्या हद्दीच्या, आत असेल तर पुढं पाडून नवं बांधता येईल असं गृहीत धरू नका.

दुरुस्तीत लोक फरशी आणि रंगापासून सुरू करतात. आधी छप्पर, मग ड्रेनेज, मग वायरिंग. तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथं स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर वाळवी लागलीय किंवा लाकूड कुजलंय. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारू नका, ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. शेजाऱ्याशी सामाईक भिंत असेल तर हात लावण्याआधी त्याच्याशी लेखी ठरवा.

नवे भाडेकरू ठेवताना ‘11 महिन्यांचाच करार आहे, नोटरी पुरे’ असं म्हणणारे भेटतील. पुरत नाही. अशा कराराची, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सची, नोंदणी महाराष्ट्रात सक्तीची आहे आणि ती जबाबदारी मालकाची. नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळा वीज मीटर घ्या. सगळ्यांचे युनिट एकाच मीटरवर पडले की वरच्या स्लॅबचा दर लागतो आणि बिल कुणी किती भरायचं यावरून दर महिन्याला वाद. आणि टॅक्सचं आधीच बघून ठेवा: दुरुस्तीला कितीही लाख गेले तरी, भरलेला घरफाळा वजा जाता उरलेल्या भाड्यावर सरसकट सूट 30 टक्केच मिळते.